रोग सुटला, नोकरी सुटेना

दुखण्यांतून उठलेल्या माणसाला घरचीं वडील माणसें सांगतात, “गंडांतर टळलें, आतां निश्चिंत राहा.” ह्या आशीर्वादांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. रोग गेला म्हणजे त्याच्याबरोबर संकटहि गेलें, ही ती गोष्ट होय. हिवताप उतरला किंवा मोडलेलें हाड सांधलें, म्हणजे मनुष्य पूर्ववत् कामाला लागतो, आणि पुढें त्याला त्या दुखण्याविषयीं कोणी विचारीतहि नाहीं. कर्करोगाचें तसें नाहीं. हा रोग अंगांतून गेला तरी कागदावरून जात नाहीं. आणि ज्या देशांत औषधोपचाराचा खर्च नोकरीबरोबर मिळणाऱ्या विम्यांतून चालतो, तेथें त्या कागदाचें ओझें फार असतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तें ओझें माणसें कित्येक वर्षें वाहत आलीं. आज त्या देशांत हजारों मराठी कुटुंबें नांदत आहेत, आणि त्यांच्या खुशालीकडे डोळे लावून बसलेलीं घरें पुण्या-मुंबईस आहेत. म्हणून हा विषय दूरचा असला तरी परका नव्हे.

एका मराठी बाईचें उदाहरण कल्पून पाहूं. वय बेचाळीस; न्यू जर्सी संस्थानांत एका मोठ्या कंपनींत ती संगणकाचें काम करते. तीन वर्षांपूर्वीं तिच्या स्तनांत कर्करोग आढळला. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, आणि आज तिच्या अंगांत रोगाचा मागमूस नाहीं. रोज टॅमॉक्सिफेनची एक गोळी घ्यावयाची आणि वर्षांतून एकदां स्तनाचें क्ष-किरण चित्र काढावयाचें, एवढेंच काय तें उरलें आहे. ही गोळी बहुधा पांच वर्षें, कित्येकांस दहा वर्षेंहि घ्यावी लागते. अशा स्थितींत एका लहान कंपनीकडून तिला बोलावणें येतें. काम मनाजोगें, पगार जास्त, कचेरी घराजवळ. नवरा म्हणतो, खुशाल जा. पुण्याहून आई टेलिफोनवर विचारते, “अगं, बरी झालीस ना? मग अडलं कुठं?” मुलीला चटकन् उत्तर देतां येत नाहीं, कारण तें उत्तर तिच्या प्रकृतींत नसून त्या देशाच्या इतिहासांत आहे.

नोकरी आणि विमा ह्यांची सांगड तेथें कोणीं विचारपूर्वक घातलेली नाहीं. ती पडत गेली. १९२९ सालीं टेक्सास संस्थानांतील डॅलस शहरीं बेलर विद्यापीठाच्या इस्पितळाचा कारभार जस्टिन फोर्ड किंबॉल ह्यांच्याकडे होता. हे गृहस्थ पूर्वीं त्याच शहराच्या शाळांचे अधीक्षक होते, त्यामुळें शिक्षकांच्या तुटपुंज्या मिळकतीची त्यांना चांगली माहिती होती. शिक्षकानें दरमहा पन्नास सेंट भरावे, आणि आजारीपणांत वर्षाला एकवीस दिवसांपर्यंत इस्पितळाची सोय मिळवावी, अशी योजना त्यांनीं काढली. पुढें देशभर पसरलेल्या ‘ब्लू क्रॉस’ विम्याचें मूळ ह्या शिक्षकांच्या वर्गणींत आहे. त्यानंतर दुसरें महायुद्ध आलें. महागाई आवरावी म्हणून १९४२ सालीं सरकारनें पगारवाढीस बंदी घातली. कारखान्यांना माणसें तर हवीं, आणि पगार वाढवितां येत नाहीं. तेव्हां मालकांनीं आजाराचा विमा देऊं केला, कारण तो पगारांत धरला जात नसे. मालकानें भरलेल्या ह्या हप्त्यावर नोकराला प्राप्तीवरील कर नाहीं, हें १९५४ च्या करविषयक कायद्यानें पक्कें केलें. युद्धकाळाची एक सोय अशा रीतीनें राष्ट्राची रीत होऊन बसली. ब्रिटननें १९४८ च्या जुलैंत वैद्यकीय मदत नोकरीपासून अलग करून सर्वांस दिली. अमेरिकेंत ती बहुतांशीं नोकरीला बांधलेलीच राहिली.

कर्करोग म्हणजे मरण, असें समीकरण जोंवर होतें, तोंवर ह्या सांगडीचा काच फारसा कोणाला जाणवला नाहीं. जो अंथरुणावरून उठतच नाहीं, तो नोकरी काय बदलणार! परंतु उपचार सुधारले, रोग लवकर ओळखूं येऊं लागला. १९७१ सालीं, ज्या वर्षीं कर्करोगाविरुद्ध तेथें राष्ट्रीय कायदा झाला त्या वर्षीं, हा रोग होऊनहि हयात असलेले सुमारें तीस लाख लोक त्या देशांत होते. २०२२ सालीं त्यांची संख्या एक कोटि ऐंशी लाखांवर गेली. ह्या लोकांच्या स्थितीचा विचार ज्यांनीं स्पष्टपणें मांडला, त्यांत फिट्झह्यू मलन ह्यांचें नांव अग्रभागीं आहे. ते स्वतः डॉक्टर. १९७५ सालीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, छातींतील कर्करोगानें त्यांना गांठलें. त्यांतून ते उठले, आणि १९८५ सालीं एका विख्यात वैद्यकीय नियतकालिकांत त्यांनीं एक लेख लिहिला. आजारी आणि बरा असे माणसांचे दोनच वर्ग नाहींत. वांचणें हेंहि ऋतूंप्रमाणें टप्प्याटप्प्यानें चालतें, आणि रोग मागें पडल्यावर नोकरी व विमा ह्यांच्या अडचणी पुढें उभ्या राहतात, असें त्यांचें सांगणें होतें. पुढल्याच वर्षीं न्यू मेक्सिको संस्थानांतील आल्बुकर्की शहरीं समदुःखी मंडळींबरोबर त्यांनीं एक राष्ट्रीय संघटना उभी केली.

त्यांच्या म्हणण्याचा अर्थ नीट कळावा म्हणून आपली कल्पित बाई १९८२ सालीं नेऊन बसवूं. त्या काळीं तिनें नोकरी सोडली असती, तर त्याच दिवशीं, फार तर त्या महिनाअखेर, तिचा विमा संपला असता. नव्या कंपनीच्या विम्यांत ‘पूर्वीचे आजार वगळून’ अशा अर्थाचें कलम पुष्कळदां असे. म्हणजे ताप-खोकल्याचा खर्च विमा देणार, आणि ज्या एका रोगाची धास्ती तोच नेमका बाहेर. स्वतःच्या नांवानें विमा घ्यावयास जावें, तर अर्जावर पूर्वीच्या दुखण्यांची विचारपूस असे, आणि ‘कर्करोग’ हा शब्द लिहितांच बहुधा अर्ज परत येई. लहान कंपनीची आणखी एक अडचण होती. दहा-पंधरा माणसांत असें एक माणूस आलें, कीं विमेवाले सगळ्या कंपनीचा हप्ता वाढवूं शकत; मग मालकाच्या मनांत कितीहि चांगलें असलें तरी तो कचरे. अशा वेळीं शहाणपणाचा मार्ग एकच राही. आहे तेथेंच बसावें. वरिष्ठ छळीत असला तरी सोसावें, आणि चांगलें बोलावणें आलें तरी ‘नको’ म्हणावें. अर्थशास्त्रज्ञ ह्या स्थितीला ‘जॉब-लॉक’ म्हणतात. मराठींत तिला नोकरीचें कुलूप म्हणतां येईल. ब्रिजिट मॅड्रियन ह्या विदुषीनें १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ह्या कुलपाचें माप काढून दाखविलें. नोकरीवर विमा असलेल्यांपैकीं आपखुषीनें नोकरी सोडणाऱ्यांचें वार्षिक प्रमाण ह्या कुलपामुळें शेंकडा १६ वरून १२ वर येतें, असा त्यांचा हिशेब होता.

हें कुलूप तीन कायद्यांनीं क्रमाक्रमानें सैल केलें. पहिला कायदा एप्रिल १९८६ मधील. त्याच्या लांबलचक नांवाचीं आद्याक्षरें जुळवून लोक त्याला ‘कोब्रा’ म्हणतात. नांव नागाचें असलें तरी कायदा उपकारक आहे. वीस किंवा अधिक नोकर असलेल्या कंपनींतून मनुष्य बाहेर पडला, तर पूर्वीचाच विमा अठरा महिन्यांपर्यंत चालू ठेवण्याचा हक्क त्याला मिळाला. अट एवढीच, कीं मालकाचा आणि आपला असे दोन्ही हिस्से त्यानें स्वतः भरावे, आणि वर शेंकडा दोन व्यवस्थेच्या खर्चाबद्दल द्यावे. ह्या ‘एवढीच’चा अर्थ आंकड्यांवरून कळतो. कैसर फॅमिली फाउंडेशनच्या २०२४ सालच्या पाहणीप्रमाणें एका माणसाच्या नोकरीवरील विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता ८,९५१ डॉलर होता, आणि त्यांपैकीं नोकराच्या वांट्यास सरासरीनें १,३६८ डॉलर येत. म्हणजे नोकरींत असतांना महिन्याला सुमारें ११४ डॉलर देणाऱ्या माणसाला नोकरी सुटतांच सुमारें ७६० डॉलर मोजावे लागतात, आणि तेहि पगार थांबलेल्या महिन्यांत. तथापि पूल तो पूलच. जकात भारी असली तरी नदी ओलांडतां येते.

दुसरा कायदा ऑगस्ट १९९६ मधील. तो ‘हिपा’ ह्या नांवानें ओळखला जातो. रिपब्लिकन पक्षाच्या नॅन्सी कासेबॉम आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे एडवर्ड केनेडी ह्या दोन सिनेटरांनीं तो पुढें आणला. वेळेवर नांव नोंदविणाऱ्या नोकराचा जुना आजार नव्या कंपनीच्या विम्याला फार तर बारा महिने वगळतां येईल, आणि पूर्वीं जितके महिने विमा चालू होता तितके त्या बारांतून वजा होतील, असें त्यानें ठरविलें. वर्षभर अखंड विमा असलेल्या बाईचा जुना रोग त्यामुळें नव्या विम्याला मुळींच वगळतां येईना. पण ‘अखंड’ ह्या शब्दाला माप होतें. मध्यें त्रेसष्ट दिवसांचा खंड पडला, कीं पूर्वीची सारी पुण्याई शून्य. बासष्ट दिवस चालत, त्रेसष्टावा चालत नसे. म्हणून जुन्या विम्याचें प्रमाणपत्र घराच्या खरेदीखतासारखें जपून ठेवावें लागे. शिवाय ही सोय मुख्यतः एका कंपनींतून दुसऱ्या कंपनींत जाणाऱ्याची होती. नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढूं पाहणाऱ्यास कांहीं अटींवर विमा नाकारतां येत नसे खरा. पण हप्ता किती घ्यावा ह्यावर त्या कायद्याचें बंधन नव्हतें. दार उघडें, परंतु उंबरठा छातीएवढा, असा तो प्रकार होता.

तो उंबरठा तिसऱ्या कायद्यानें खालीं आणला. २३ मार्च २०१० रोजीं अध्यक्ष ओबामा ह्यांनीं त्यावर सही केली, आणि त्याचीं मुख्य कलमें १ जानेवारी २०१४ पासून लागू झालीं. ह्या कायद्याप्रमाणें विकल्या जाणाऱ्या विम्यांत पूर्वीच्या आजारासाठीं अर्ज नाकारतां येत नाहीं, तो आजार वगळतां येत नाहीं, आणि त्यापायीं जादा हप्ताहि घेतां येत नाहीं. स्वतंत्र विम्याचा हप्ता वय, राहण्याचें ठिकाण, कुटुंबांतील माणसें आणि तंबाखूचें व्यसन एवढ्यांवरूनच ठरतो. उपचारांचा खर्च अमुक लाखांवर गेला कीं आयुष्यभरासाठीं विमा संपला, ही जुनी मर्यादाहि आवश्यक उपचारांपुरती गेली. त्रेसष्ट दिवस मोजण्याचें कारण उरलें नाहीं.

मग आपल्या बाईनें आज राजीनामा द्यावा काय? अवश्य द्यावा, पण पंचांग पाहून द्यावा. कायद्यानें तिला हक्क दिला, परंतु तो हक्क तारखांना बांधलेला आहे, आणि तारीख चुकविणाऱ्याची कीव कोणी करीत नाहीं.

तिच्या जुन्या नोकरीचा शेवटचा दिवस १५ जून आहे, असें समजूं. कांहीं कंपन्यांचा विमा त्याच दिवशीं संपतो, कांहींचा महिनाअखेर. हें आधीं लेखी विचारून घेतलें पाहिजे. नव्या कंपनीचा विमा केव्हां सुरू होणार, हा दुसरा प्रश्न. कायद्यानें नव्या नोकराला नव्वद दिवसांपर्यंत ताटकळत ठेवतां येतें. इतकेंच नव्हे, तर पन्नासांहून कमी पूर्णवेळ नोकर असलेल्या कंपनीवर विमा देण्याची सक्तीच नाहीं. म्हणून लहान कंपनीचें बोलावणें आलें असतां पगाराआधीं ही चौकशी करावी. मधल्या दिवसांसाठीं दोन वाटा आहेत. पहिली कोब्राची. विमा संपल्यापासून किंवा त्याविषयीची सूचना मिळाल्यापासून, ह्यांपैकीं जें मागाहून घडेल त्यापासून, साठ दिवस विचार करण्यास मिळतात. होकार दिल्यावर पहिला हप्ता भरण्यास आणखी पंचेचाळीस. आणि विमा मात्र मागल्या तारखेपासून, खंड न पडतां, लागू होतो. ह्यांत एक मोठी सोय आहे. त्या दिवसांत कांहीं झालें नाहीं तर पैसे वांचतात. दुखणें उद्भवलेंच, तर मागचे हप्ते भरून हक्क उभा करतां येतो. दुसरी वाट सरकारी विमा-बाजाराची. नोकरीचा विमा सुटल्यापासून साठ दिवसांच्या आंत तेथें विमा निवडावा लागतो, आणि तो सामान्यतः पुढल्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सुरू होतो. हे दिवस निसटले, कीं वर्षाच्या नेमलेल्या हंगामापर्यंत हें दार बहुधा बंद. ह्या घाईंत स्वस्त दिसणारा अल्पमुदतीचा विमा पुढें येतो. त्यापासून मात्र कर्करोगांतून उठलेल्या माणसानें दूर राहावें. तिसऱ्या कायद्याचें संरक्षण त्याला नाहीं, आणि पूर्वीचा आजार त्यांत वगळलेला असूं शकतो.

विमा मिळाला म्हणजे सारें मिळालें असेंहि नाहीं. तेथील बहुतेक विम्यांत वर्षाच्या आरंभीं ठराविक रकमेपर्यंतचा खर्च रुग्णानें स्वतः सोसावयाचा असतो, आणि त्यानंतर विमा हात देतो. जूनपर्यंत ही रक्कम भरून झाली असली, तरी नव्या विम्यांत बहुधा हिशेब पुन्हां पहिल्यापासून मांडला जातो. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर नव्या विम्याच्या यादींत आहेत कीं नाहींत, आणि रोजची गोळी त्याच्या औषधांच्या यादींत कोणत्या दरानें आहे, हेंहि पाहावें लागतें. ओळखीचा वैद्य सुटणें, ही गोष्ट अशा रुग्णाला पैशांहूनहि जड जाते.

सर्वांत नाजूक प्रश्न रजेचा आहे. १९९३ च्या एका कायद्यानें मोठ्या आजारांत बारा आठवडे बिनपगारी रजा मिळते. त्या काळांत नोकरी राखली जाते आणि विमाहि चालू राहतो. परंतु हा हक्क मिळण्यास त्याच मालकाकडे बारा महिने झालेले असावे लागतात, वर्षांत १,२५० तास काम केलेलें असावें लागतें, आणि आसपास मिळून त्या मालकाचे पन्नास तरी नोकर असावे लागतात. नोकरी बदलली, कीं हें घड्याळ पुन्हां पहिल्या ठोक्यापासून सुरू होतें; आणि कंपनी लहान असली तर सुरूच होत नाहीं. रोग उलटणार नाहीं अशी आशा प्रत्येकजण करतो. पण ज्यानें एकदां तो पाहिला आहे, त्याला पहिल्या वर्षाचा विचार करणें भागच असतें. अशा वेळीं नियमित तपासणी उरकून, तिचा निकाल हातीं आल्यावर मग राजीनामा देणें, हा साधा क्रम पुष्कळ धास्ती वांचवितो.

आणि नव्या मालकाला रोगाची कथा सांगावी काय? तसें बंधन नाहीं. १९९० च्या अपंगांच्या हक्कांविषयींच्या कायद्याप्रमाणें, पंधरा किंवा अधिक नोकर असलेल्या मालकाला नोकरी देऊं करण्यापूर्वीं उमेदवाराच्या आजारांची चौकशी करतां येत नाहीं. आज प्रकृति ठणठणीत म्हणून तुम्ही अपंग नव्हे, आणि अपंग नव्हे म्हणून तुम्हांला संरक्षण नाहीं, असा तर्कट अर्थ कांहीं खटल्यांत काढला गेला होता. २००८ च्या दुरुस्तीनें दबलेला रोगहि संरक्षणांत धरला. विम्याचें माहितीपत्रक मात्र नोकरीचें लेखी बोलावणें हातीं आल्यावर मागून घ्यावें. तें कोणताहि नवा नोकर मागतो. त्यांत रोगाचा उल्लेख करण्याची गरज नाहीं.

भारतांतून तेथें गेलेल्यांच्या वांट्यास आणखी एक पंचांग येतें. ‘एच-वन-बी’ परवान्यावर राहणाऱ्याची नोकरी गेली, तर देशांत राहून नवी शोधण्यास त्याला फार तर साठ दिवस मिळतात. परवान्याची मुदत आधीं संपत असली तर त्याहून कमी. हे साठ दिवस आणि विम्याचे साठ दिवस दिसण्यांत सारखे असले तरी निराळे आहेत. ते एकाच दिवशीं सुरू होतातच असें नाहीं, आणि एकाची मुदत पाळली म्हणून दुसऱ्याची पाळली असें होत नाहीं.

आपल्या देशांतहि हा प्रश्न आतां दारीं आला आहे. कंपनी काढते तो सामुदायिक विमा नोकरीबरोबर संपतो, आणि मग स्वतंत्र विमा घेतांना जुना आजार पुढें उभा राहतो. एका विमा कंपनीकडून दुसरीकडे जातांना पूर्वीं घालविलेला प्रतीक्षाकाळ हिशेबांत धरण्याची सोय ऑक्टोबर २०११ पासून झाली. पूर्वीच्या आजारासाठीं वाट पाहावयास लावण्याची कमाल मुदत २०२४ सालीं चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली. तथापि अर्जदाराची प्रकृति पाहून निर्णय घेण्याचा अधिकार येथील विमा कंपन्यांकडे अद्याप आहे. म्हणून कंपनीच्या विम्यांतून त्याच विमा कंपनीच्या स्वतंत्र विम्यांत जातां येतें काय, ही चौकशी राजीनाम्यानंतर नव्हे, आधीं करावी. आणि धडधाकट असतांनाच घरचा एक स्वतंत्र विमा असावा, हें त्याहून बरें.

तिकडे पुण्याच्या घरीं आई अजून उत्तराची वाट पाहत आहे. चाळीस वर्षांपूर्वीं तिच्या मुलीला “आहे तिथंच राहते” एवढेंच म्हणतां आलें असतें, आणि तें म्हणतांना रोगानें घेतलें त्याहून अधिक कांहीं गमावल्याचें तिला वाटलें असतें. आज तिच्या टेबलावर दोन माहितीपत्रकें आहेत, एक दिनदर्शिका आहे, आणि पुढल्या तपासणीची तारीख तीवर लाल शाईनें लिहिलेली आहे. ती म्हणते, “अगं आई, अडलं काहीच नाही. जायचं ठरलंय; फक्त तारखा जुळवतेय.” कुलूप अगदींच गेलें आहे असें नाहीं, पण आतां त्याची किल्ली तिच्या हातीं आहे, आणि ती कोणत्या दिवशीं फिरवावी हें तिला ठाऊक आहे.